मनगटावरचा झोपेचा पट्टा आणि उलटा पाढा : आठ आठवड्यांच्या वापरानंतर

वय वाढले की झोप कमी होते आणि ते तसेच असायचे, असे आपल्याकडे सगळेच धरून चालतात. मीही तसेच धरून चालले होते. गेल्या वैशाखात मात्र एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. महिला मंडळाच्या भिशीचा हिशेब मी गेली बारा वर्षे एका बैठकीत पुरा करते. तो त्या दिवशी तीन वेळा मांडूनही जुळेना. त्याच दुपारी नातवाने फोनवर एक साधा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा मी त्याच्यावर अशी खेकसले की पोर गप्पच झाले. आदल्या रात्री दोनच्या सुमारास मालगाडीचा भोंगा वाजल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे मला संध्याकाळी दिवा लावताना आठवले. हिशेबाचा घोळ, नातवावरचा राग आणि ती रात्र यांचा काही संबंध असेल का, हा विचार तेव्हापासून मनातून जाईना.

मी ६८ वर्षांची आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांमध्ये चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले आणि आता बेळगावात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून हाकेच्या अंतरावर राहते. मुलाला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो सुट्टीला आला असताना त्याने खडे बाजारातून झोप मोजणारा एक मनगटी पट्टा आणून माझ्या हातात ठेवला. किंमत २,४९९ रुपये. कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. हा पट्टा मी पूर्ण आठ आठवडे, ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत, रोज रात्री वापरला. पावले मोजणे, फोन आल्याचे सांगणे वगैरे त्याची इतर कामे मी तपासली नाहीत. मला एवढेच पाहायचे होते की, रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवशीची बुद्धी व मन यांचा मेळ आमच्या वयाच्या माणसाला या पट्ट्यावरून लावता येतो का.

पट्टा झोप ओळखतो कशी, हे आधी समजून घेतलेले बरे. त्याच्या आत हालचाल टिपणारा एक भाग असतो आणि त्वचेला टेकणाऱ्या बाजूला हिरवा दिवा असतो. या दिव्याचा प्रकाश त्वचेखालच्या रक्तावरून परत येतो आणि त्यातल्या चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. हात बराच वेळ हलला नाही आणि नाडी संथ झाली, की हे माणूस झोपले असे पट्टा ठरवतो. त्यापुढे गाढ झोप, हलकी झोप आणि स्वप्नांची झोप अशी वाटणीही करून दाखवतो. खऱ्या झोपेच्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण हे सगळे एकाच वेळी नोंदवतात. मनगटावरच्या पट्ट्याला मेंदू दिसत नाही. त्याची वाटणी हा अंदाज असतो. हे ज्याला ठाऊक नसेल त्याने पट्टा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिली अडचण बांगड्यांची आली, आणि तिच्याबद्दल कंपनीच्या माहितीपुस्तिकेत एक अक्षर नाही. माझ्या हातात हिरव्या काचेच्या सहा बांगड्या आणि दोन पाटल्या असतात. पट्टा त्यांच्या खाली, अगदी मनगटाच्या हाडावर बांधला की कूस बदलताना बांगड्या त्यावर आपटत आणि पट्टा सरकून दिव्याचा उजेड बाहेर पडे. अंधाऱ्या खोलीत तो हिरवा ठिपका यजमानांच्या डोळ्यांवर येई. पहिल्या चार रात्रींची नोंद तुटकतुटक आली ती यामुळेच. पाचव्या रात्री मी बांगड्या खाली सोडून पट्टा त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला दोन बोटे सरकवून, जरा घट्ट बांधला. तेव्हापासून नोंद सलग येऊ लागली. बांगड्या उतरवून ठेवा, असे सांगणे सोपे आहे. आमच्या पिढीतल्या किती बायका ते रोज रात्री करतील?

आता माझ्या वहीबद्दल लिहिते, कारण पट्ट्याचे खरे मोल मला वहीमुळे कळले. मोबाईलमध्ये रोज सकाळी झोपेचे गुण येतात, शंभरपैकी ७२ किंवा ८१ असे. पण त्या ७२ गुणांनी माझी बुद्धी मंदावली की नाही, हे मोबाईल सांगू शकत नाही. त्यासाठी मला रोज एकाच पद्धतीने स्वतःची परीक्षा घेणे भाग होते. शाळेत मुलांना मी पाढे उलटे म्हणायला लावत असे. पाठ झालेला पाढा सरळ म्हणताना जीभच काम करते, उलटा म्हणताना डोके लागते. तेच मी स्वतःवर लागू केले. रोज सकाळी दहा वाजता, चहा आणि वर्तमानपत्र झाल्यावर, १७, १९, २३ आणि २९ यांपैकी एक पाढा पाळीपाळीने उलटा म्हणायचा आणि यजमानांनी घड्याळ लावून सेकंद मोजायचे. दोनशे नव्वद, दोनशे एकसष्ट, दोनशे बत्तीस, दोनशे तीन, एकशे चौऱ्याहत्तर, असे उतरत एकोणतीसपर्यंत यायचे. चारही पाढे सारखे अवघड नाहीत, म्हणून २९ ची तुलना फक्त आधीच्या २९ शीच करायची. बाराच्या आत मनाला एक ते पाच यांपैकी एक गुण द्यायचा. एक म्हणजे कुणी बोलायलाच नको असा दिवस, पाच म्हणजे आपण होऊन शेजारी जाऊन बसावे असा. शेवटच्या रकान्यात रात्री किती वेळ जागी होते, हा माझा स्वतःचा अंदाज. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, याची मला जाणीव आहे. पण आठ आठवड्यांत चार्जिंग राहिले, पट्टा सुटला किंवा यजमानांनी तो बांधून पाहिला अशा सहा रात्री वगळता पन्नास रात्रींची नोंद जमली, आणि आपल्याच आयुष्याकडे इतक्या नेमाने मी याआधी कधी पाहिले नव्हते.

पट्ट्याची सर्वांत मोठी चूक आषाढात उघडी पडली. मुसळधार पाऊस होता, कौलांवरून पन्हाळीत पडणाऱ्या पाण्याने मला पावणेदोनला जाग आली. उठून काही करावे असे वाटेना, म्हणून डोळे मिटून, हात छातीवर ठेवून मी मनातल्या मनात हरिपाठ म्हणत राहिले. घड्याळात तीनचे ठोके ऐकले, साडेतीनचा एक ठोकाही ऐकला. त्यानंतर केव्हातरी झोप लागली असावी. सकाळी मोबाईल पाहिला तर त्या पावणेदोन तासांतली बहुतेक सगळी वेळ ‘हलकी झोप’ म्हणून मांडलेली, आणि जागेपणाची मिनिटे फक्त २१. पट्ट्याचाही दोष नाही. निश्चल पडलेला जागा माणूस आणि निजलेला माणूस यांतला फरक हालचालीवरून कळायचा कसा? आमच्या वयाची माणसे रात्री जाग आल्यावर तरुणांसारखी फोन घेऊन बसत नाहीत, देवाचे नाव घेत निमूट पडून राहतात. म्हणजे ज्या वयात ही मिनिटे मोजण्याची गरज जास्त, त्याच वयात पट्टा ती कमी धरतो. घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तरीही मी पट्टा काढून टाकला नाही, कारण पंधरा दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसली. माझा अंदाज आणि पट्ट्याचा आकडा यांत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक असे, पण कोणती रात्र बरी गेली आणि कोणती वाईट, याचा क्रम बहुधा दोघांचा सारखाच येई. तराजू थोडा खोटा असला तरी रोज तेवढाच खोटा असेल, तर कालचे आणि आजचे वजन त्यावर ताडून पाहता येते, तसे हे आहे. वर लिहिलेली आषाढातली रात्र हा अपवाद. पूर्ण निश्चल पडून राहिलेल्या अशा चार रात्री निघाल्या.

दुसरी गोष्ट मला उशिरा सुचली, आणि ती सुचली नसती तर सगळी वही फुकट गेली असती. पहिले दोन आठवडे मी डोळे उघडताच मोबाईलमधले गुण पाहत असे. लाल रंगात ५८ दिसले की ‘आज काही खरे नाही’ असे मनाशी म्हणतच मी अंथरुणातून उठे, आणि मग मनाला गुण देताना दोन किंवा तीनच पडत. ज्या दिवशी मोबाईल बंद पडल्यामुळे गुण पाहायलाच मिळाले नाहीत, त्या दिवशी मात्र मी स्वतःहून चार दिले होते. संध्याकाळी पाहिले तर त्या रात्रीचे गुण ६० होते! निद्रानाश असलेल्या लोकांना मनगटी यंत्रातून मुद्दाम खोटी माहिती देऊन पाहिल्याचा एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. झोप वाईट झाली असे ज्यांना खोटेच सांगितले, त्यांना दिवसभर मन उदास आणि अंग सुस्त वाटले. तिसऱ्या आठवड्यापासून मी नियम केला की पाढा आणि मनाचे गुण वहीत लिहून झाल्याशिवाय मोबाईल उघडायचा नाही. पुढे पुढे तर मी रात्री जेवणानंतरच तो पाहू लागले. पट्टा घेणाऱ्या प्रत्येक वयस्क माणसाला मी हे हात जोडून सांगेन : सकाळी आधी स्वतःला विचारा, पट्ट्याला नंतर विचारा.

आता वहीत काय निघाले ते. एकूण झोप किती तास झाली, याचा दुसऱ्या दिवशीच्या पाढ्याशी मला काही पक्का मेळ लागला नाही. साडेपाच तास झोपूनही पाढा झरझर उतरला आणि सात तास अंथरुणात काढूनही अडखळला, असे दोन्ही प्रकार घडले. पण झोप लागल्यानंतर मध्ये जाग येऊन जो वेळ वाया गेला, त्याचा मेळ डोळ्यांत भरण्यासारखा होता. पट्ट्याने तासाभराहून जास्त जागेपण दाखवले अशा १४ रात्री होत्या, आणि त्यांतल्या ११ रात्रींनंतरच्या सकाळी मी त्याच पाढ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. एकोणतीसचा पाढा चांगल्या दिवशी वीस-बावीस सेकंदांत होतो. अशा सकाळी तो पस्तीस-चाळीसवर गेला. एक बारकी गोष्ट मला फार बोलकी वाटली. वाईट रात्रीनंतर माझ्या चुका फारशा वाढल्या नाहीत. दोनशे बत्तीसनंतर दोनशे तीनच आले, पण ते यायला वेळ लागला. आकडा जणू माळ्यावर ठेवलेला आहे आणि शिडी लावून काढावा लागतो आहे. ज्ञान जागेवर होते, वेग गेला होता. भिशीचा हिशेब त्या दिवशी का जुळला नाही, ते मला तेव्हा उमगले. बेरजा येत नव्हत्या असे नाही. हातचा घेऊन पुढच्या रकान्यात जाईपर्यंत मन मागे रेंगाळत होते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ‘आइन्स्टाईन एजिंग स्टडी’ नावाचा म्हातारपणीच्या बुद्धीचा दीर्घ अभ्यास चालतो. त्यातल्या ७० वर्षांवरच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या अडीचशेहून अधिक लोकांनी १६ दिवस मनगटावर यंत्र बांधले आणि दिवसातून चार वेळा मोबाईलवर बुद्धीचे छोटे खेळ खेळले. स्वतःच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा रात्री अर्धा तास अधिक जागे राहिले, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा विचार करण्याचा वेग मंदावलेला दिसला. किती तास झोपले, कधी झोपले किंवा दुपारी डुलकी घेतली का, यांचा तसा परिणाम दिसला नाही. मुलाने मला हे वाचून दाखवले तेव्हा माझी वही अर्धी झाली होती. आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे निघाले तेच सातासमुद्रापार निघाले, याचे मला समाधान वाटले. पण त्याहून महत्त्वाचा त्यातला ‘स्वतःच्या नेहमीच्या’ हा शब्द आहे. मोबाईलमधले शंभरपैकी गुण माझी तुलना कोणाशी करतात, ते सांगत नाहीत. वयाबरोबर गाढ झोप आपोआप कमी होत जाते, शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि जाग लवकर येते. हे सगळे निरोगी म्हाताऱ्या माणसातही घडते. तरीही ‘गाढ झोप ३८ मिनिटे’ हा आकडा लाल रंगात दाखवून पट्टा रोज घाबरवत राहतो. हा मला त्यातला खरा दोष वाटतो. मोबाईलच्या पहिल्याच पानावर ‘या महिन्यातल्या तुमच्या नेहमीच्या रात्रीपेक्षा आज वीस मिनिटे जास्त जागेपण’ एवढे एक वाक्य आले असते, तर बाकीचे रंगीत आलेख मला नकोच होते. जागेपणाची मिनिटे शोधायला तीन वेळा बोट सरकवावे लागते.

मनाचे मात्र वेगळेच निघाले. मनाचे गुण पट्ट्याच्या मिनिटांपेक्षा माझ्या शेवटच्या रकान्याशी, म्हणजे झोप कशी झाली असे मला वाटले त्याच्याशी, जास्त जुळले. पट्ट्याने जागेपण कमी दाखवलेल्या त्या हरिपाठाच्या रात्रीनंतर माझे मन तीनवरच होते. आणखीही एक दिसले : झोपमोड झालेल्या दिवशी मी दुःखी नसे, पण सहनशक्ती उणी असे. कुकरची शिट्टी, दारातल्या विक्रेत्याची हाक, यजमानांनी पेपरची घडी मोडून ठेवणे, अशा एरवी कानामागे टाकायच्या गोष्टी अंगावर येत. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्याच, “आज झोप झाली नाही काय तुमची? आवाज चढलाय की.” ज्या सकाळी मी स्वतःच ओळखले की आज झोप कमी आहे, त्या सकाळी मी नातवाला फोन संध्याकाळी करायला सांगू लागले आणि भिशीची वही दुसऱ्या दिवसावर ढकलू लागले. हा बदल पट्ट्याने सांगितला नाही, पण पट्टा घेतला नसता तर वही घातली नसती, हेही खरे आहे.

पट्टा वापरून झोप सुधारते का, असे मला अनेकांनी विचारले. पट्टा झोप देत नाही. कारण शोधायला मात्र त्याचा उपयोग झाला. जागेपणाच्या वेळा तीन आठवडे एकाखाली एक लिहिल्यावर दिसले की बहुतेक रात्री बारा ते दोनच्या दरम्यान माझी पहिली जाग लघवीसाठी असते. रक्तदाबाच्या माझ्या गोळ्यांमध्ये एक लघवी वाढवणारी गोळी आहे आणि ती मी कित्येक वर्षे रात्रीच्या जेवणानंतर घेत होते. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती गोळी सकाळी घ्यायला सांगितली. आपल्या मनाने कुणी गोळ्यांच्या वेळा हलवू नयेत, पण विचारायला काय हरकत आहे? मी इतकी वर्षे विचारलेच नव्हते. संध्याकाळी सहाचा चहाही मी चारवर आणला. चहातल्या कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, आणि वयाबरोबर झोप मुळातच हलकी झालेली असते. पाऊस उघडला की सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली अर्धा तास फिरायलाही जाते, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जागेवर राहते. शेवटच्या तीन आठवड्यांत तासाभराहून जास्त जागेपणाच्या रात्री दोनच आल्या. मालगाडीचा भोंगा काही बंद झाला नाही. आता तो वाजला तरी पुन्हा झोप लागते.

आवाजावरून आठवले. वडगावात माझ्या जाऊबाईंच्या घरी मी तीन रात्री मुक्कामाला होते. शेजारी यंत्रमाग आहेत आणि मोठे काम असले की ते रात्रभर खडखडतात. तिथे माझे जागेपण दीड तासाच्या खाली आले नाही. जाऊबाई त्या आवाजात चाळीस वर्षे झोपतात. वीज गेली आणि माग थांबले, की त्यांना जाग येते.

शेजारणीने सुचवलेल्या झोपेच्या गोळीबद्दल दोन शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांच्या यादीत नेहमीच्या वापरातल्या अनेक झोपेच्या गोळ्या आहेत. त्यांनी रात्री उठताना पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो आणि दुसऱ्या दिवशी बुद्धीवर मळभ राहते. म्हणजे ज्या सकाळच्या तरतरीसाठी झोप हवी, तीच जाते. दुकानातून मागून घ्यायची ही वस्तू नव्हे.

आता या पट्ट्याविरुद्धची माझी सर्वांत गंभीर तक्रार. यजमान ७४ वर्षांचे आहेत आणि वर्षानुवर्षे मोठ्याने घोरतात. सकाळी पेपर वाचता वाचता त्यांची मान कलते, नावे आठवत नाहीत आणि कुणी त्याबद्दल बोलले की ते चिडतात. आम्ही याला वय म्हणत आलो. चौथ्या आठवड्यात उत्सुकतेने त्यांनी तीन रात्री पट्टा बांधला. गुण आले ८४, ८६ आणि ८३. “बघ, तुझ्यापेक्षा माझी झोप चांगली,” असे म्हणून ते निर्धास्त झाले आणि मीही झाले. पुढे एका रात्री मी जागी असताना त्यांचे घोरणे मध्येच थांबले, छाती हलत होती पण श्वास येत नव्हता, आणि बऱ्याच वेळाने ते दचकून, घशातून आवाज काढत पुन्हा घोरू लागले. मी उठून बसले. तासाभरात असे किती वेळा झाले ते बोटांवर मोजता मोजता दोन्ही हात संपले.

डॉक्टरांनी घरीच करायची झोपेची तपासणी लिहून दिली. नाकाखाली नळी, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून ते एक रात्र झोपले. अहवालात श्वास थांबण्याचे किंवा फार उणा पडण्याचे प्रमाण तासाला ३४ वेळा निघाले. असा प्रत्येक खंड किमान दहा सेकंदांचा धरतात आणि तासाला ३० च्या वर गेले की विकार तीव्र मानतात. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. प्रत्येक वेळी प्राणवायू उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. झोपणाऱ्याला त्याची आठवणही राहत नाही. शरीर आठ तास अंथरुणात, आणि मेंदू रात्रभर उठाबशा काढतो आहे. वृद्धांमध्ये याचीच लक्षणे विसरभोळेपणा, पेंग आणि चिडचिड अशी दिसतात आणि वयाच्या नावावर खपून जातात. त्यांना नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र मिळाले. पहिले दहा दिवस त्यांनी फार कुरकुर केली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत न पेंगता वाचला आणि माझा पाढा चालू असताना स्वतःहून म्हणाले, “एकशे चौऱ्याहत्तरला आज थांबलीस.” कित्येक महिन्यांत त्यांचे लक्ष असे कशावर टिकले नव्हते.

माझ्याकडचा पट्टा श्वास मोजत नाही. पण ज्या माणसाचा श्वास रात्रभर अडकतो आहे त्याला तो ८४ गुण देतो, आणि कुठेही ‘घोरणे, दिवसा पेंग येणे असल्यास डॉक्टरांना दाखवा’ असे एक वाक्य लिहीत नाही, हे मला अक्षम्य वाटते. घरातले माणूस घोरत असेल तर २,४९९ रुपयांचा पट्टा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

बाकी किरकोळ. एकदा चार्ज केल्यावर १४ दिवस चालेल असे खोक्यावर छापले आहे. मला नऊ दिवस मिळाले आणि तेवढे मला पुरेसे आहेत. रबरी पट्ट्याखाली पावसाळ्याच्या दमटपणात घाम साचून पुरळ आले, म्हणून २५० रुपयांचा कापडी पट्टा वेगळा घेतला; तो सुखाचा आहे. दुपारची वीस मिनिटांची डुलकी पट्टा नोंदवत नाही. मोबाईलवर भाषेला इंग्रजी आणि हिंदीचा पर्याय आहे, मराठीचा नाही आणि कन्नडचाही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या वयस्क माणसांसाठी हा पट्टा उपयोगी पडू शकतो, त्यांच्यातल्या अनेकांना त्यासाठी मुलांचा हात धरावा लागेल.

पाचपैकी मी तीन तारे देते. ज्याला वहीत रोज चार ओळी लिहिण्याची चिकाटी आहे, रात्री मध्येच का जाग येते हे शोधायचे आहे आणि गुण पाहून धसका घेण्याचा स्वभाव नाही, त्याने जरूर घ्यावा. आधीच झोपेची धास्ती घेतलेल्या माणसाला कृपा करून भेट म्हणून देऊ नये. मी स्वतः आता तो आठवड्यातून दोनच रात्री बांधते. उलटा पाढा मात्र रोज चालू आहे. पुढच्या महिन्यापासून जाऊबाई पट्टा वापरून पाहणार आहेत. बांगड्यांच्या वर, कोपराकडे दोन बोटे सरकवून तो कसा बांधायचा, ते मी त्यांना दाखवून ठेवले आहे.